तळघराच्या ओलीसाठी आपत्कालीन निधी मोडावा का?

प्रश्न: दोन वर्षांपूर्वी आम्ही तळघर असलेलं घर घेतलं. उष्ण आणि दमट महिने सुरू झाले की तळघराच्या भिंती ओल्या होतात, हात फिरवला तर तळवा भिजतो. खालचा अर्धा भाग जास्त ओला असतो. कपाटामागे काळी बुरशी धरली आहे, कुबट वास जिन्यापर्यंत येतो. हवा खेळावी म्हणून दिवसभर खिडक्या उघड्या ठेवतो, पंखा लावतो. ओल उलट वाढल्यासारखी वाटते. गेल्या वर्षी आठवडाभर पाऊस नव्हता तरी भिंती ओल्याच होत्या. कपडेही तिथेच वाळत घालतो. छताचं पाणी उतरवणारा पाइप ज्या कोपऱ्यात जमिनीशी संपतो, तिथे आतून पांढरे क्षार फुटले आहेत आणि रंगाचे पोपडे निघतात. कंत्राटदाराने पाहणी करून चारही भिंतींच्या पायथ्याशी आतून चर खणून निचऱ्याचा पाइप, पाणी उपसणारा पंप आणि भिंतींना वॉटरप्रूफ लेप असं काम सुचवलं आहे. खर्च आमच्या पाच महिन्यांच्या घरखर्चाएवढा येतो. या आठवड्यात सही केली तर सूट मिळेल, नाहीतर १० टक्के सरळ व्याजाने तीन वर्षांचे हप्ते. आमचा आपत्कालीन निधी सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढा आहे आणि दरमहा घरखर्चाच्या ४० टक्क्यांएवढी रक्कम शिल्लक पडते. आईला दमा आहे. मला तळघरात कामाची खोली करायची आहे. पत्नीचं म्हणणं, महिन्याच्या घरखर्चाच्या पाव हिश्शात डीह्युमिडिफायर (हवेतली वाफ काढून घेणारं यंत्र) येतो, आधी तो घेऊन पाहू. निधी मोडावा, हप्ते घ्यावेत की थांबावं?

उत्तर:

नमस्कार. आधी निर्णय सांगतो, मग कारणं. या आठवड्यात सही करू नका. निधीला हात लावू नका आणि हप्तेही घेऊ नका. तुमच्या पत्नी म्हणतात ते यंत्र घ्यावं लागेल असं मला वाटतं, पण तेसुद्धा आठ-दहा दिवसांच्या तपासणीनंतर. तुम्ही लिहिलेल्या वर्णनात दोन वेगवेगळ्या प्रकारची ओल दिसते. तुमच्यापुढे ठेवलेलं काम त्यातल्या एकाच प्रकारावर चालतं, आणि तो प्रकार तुमच्या घरात बहुधा एका कोपऱ्यापुरता आहे.

पहिला प्रकार हवेतून येणारा. बाहेर ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ७५ टक्के सापेक्ष आर्द्रता असेल, तर त्या हवेचा दवबिंदू साधारण २५ अंश असतो. २५ अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागाला ती हवा लागली की तिथे पाणी धरतं. थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो तो याचमुळे, पेला गळत नसतो. तळघराच्या भिंतीमागे माती असते. जमिनीखाली काही मीटरांवर तापमान वर्षभर फारसं हलत नाही, आणि वरची ऊब तिथे पोचायला आठवडे, कधी महिने लागतात. त्यामुळे बाहेर सगळं तापलेलं असताना तुमची भिंत २० अंशांवर असू शकते. ती ओली होणारच, पाऊस पडो वा न पडो.

खिडक्या उघडून ओल वाढली, याचंही उत्तर यातच आहे. वरच्या उदाहरणातल्या एक घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम वाफ असते. तीच हवा २० अंशांना थंड झाली तर तिच्यात १७ ग्रॅमच्या थोडी वर एवढीच वाफ मावते. उरलेले पाच-साडेपाच ग्रॅम कुठेतरी उतरतात. ४० चौरस मीटरचं आणि अडीच मीटर उंचीचं तळघर धरा, म्हणजे १०० घनमीटर हवा. खिडक्या उघड्या ठेवून ती हवा तासाला एकदा बदलली, तर ताशी अर्धा लिटर पाणी आत येऊन बसू शकतं. सगळी वाफ भिंतीवर उतरत नाही, काही परत बाहेर जाते, म्हणून हा आकडा वरची मर्यादा समजा. तरी दहा तासांचा हिशेब काही लिटरांचा होतो. त्यात वाळत घातलेले कपडे. ओल्या कपड्यांच्या एका खेपेतून दीड-दोन लिटर पाणी हवेत जातं, आणि तळघरात ते तिथेच राहतं.

दुसरा प्रकार मातीतून येणारा. बाहेर साचलेलं पाणी भिंतीच्या भेगांतून, सांध्यांतून, काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत झिरपतं. वाटेत विटेतले, गिलाव्यातले क्षार विरघळवून आणतं आणि आतल्या बाजूला सुकताना ते पांढरे थर मागे ठेवतं. हवेतलं पाणी असे क्षार सहसा आणत नाही. म्हणून तुमचा तो पाइपाखालचा कोपरा मी वेगळा धरतो. भिंतीचा खालचा अर्धा भाग जास्त ओला असणं मात्र दोन्ही प्रकारांत घडतं (खाली माती जास्त थंड असते आणि पाण्याचा दाबही खालीच जास्त असतो), तेव्हा तेवढ्यावरून निदान करू नका. कंत्राटदाराने ते दाखवून तुम्हाला पटवलं असेल, तर तो पुरावा अपुरा आहे.

आता पैशांकडे वळू. निचऱ्याचा पाइप आणि पंप जमिनीतलं पाणी फरशीच्या खाली ठेवतात. हवेतल्या वाफेचं ते काहीही करत नाहीत. पाच महिन्यांचा घरखर्च देऊन पुढच्या दमट महिन्यांत भिंतींना तसाच घाम फुटला, तर तुमच्याकडे ओलं तळघर असेल आणि निधी एका महिन्यापुरता उरलेला असेल. दरमहा ४० टक्के शिल्लक सगळीच्या सगळी त्यात घातली तरी निधी पूर्ववत व्हायला साडेबारा महिने लागतात. त्या वर्षभरात नोकरी गेली, कुणाला दवाखान्यात ठेवावं लागलं, तर आधार एका महिन्याचा. घरात दम्याचा रुग्ण असताना ही जोखीम मी कुणालाच घेऊ देणार नाही. आपत्कालीन निधी अचानक आलेल्या आणि टाळता न येणाऱ्या खर्चासाठी असतो. दोन वर्षं दिसत असलेली, अजून नीट न तपासलेली ओल त्यात बसत नाही.

हप्त्यांचं गणित तुम्हाला कुणी उलगडून दाखवलेलं दिसत नाही, म्हणून दाखवतो. "१० टक्के सरळ" याचा अर्थ तीनही वर्षं पूर्ण मूळ रकमेवर १० टक्के. वास्तविक तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता, पण व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या रकमेवर लागत राहतं. १०० घेतले तर १३० फेडायचे, ३६ हप्त्यांत. घटत्या शिलकीवर व्याज आकारणाऱ्या कर्जाच्या भाषेत हा दर जवळपास १८ टक्के पडतो. पाच महिन्यांच्या घरखर्चाएवढं काम तुम्हाला साडेसहा महिन्यांच्या घरखर्चाला पडेल, आणि दरमहा शिलकीतला ४५ टक्के वाटा तीन वर्षं हप्त्यातच जाईल. काम कधीकाळी खरंच करावं लागलं आणि कर्ज घ्यावंच लागलं, तर ते घटत्या शिलकीवर व्याज लावणाऱ्या बँकेकडून घ्या. मुदतीआधी फेडता येतं का, त्याला दंड किती, प्रक्रिया शुल्क किती, हे लिहून मागा. "सूट" आणि "हप्ते" या दोन्ही सोयी एकाच अंदाजपत्रकात असतील तर एकरकमी किंमत वेगळी मागा. पुष्कळदा दोन्हींतला फरक पाहिल्यावरच व्याजाचा खरा आकडा कळतो.

तुम्हाला वाटेल, थांबण्यालाही किंमत आहे. आहे, पण लहान आहे. तपासणीचा सगळा खर्च (दोन आर्द्रतामापक, भिंतीचं तापमान मोजणारं हातातलं यंत्र, प्लास्टिक, चिकटपट्टी, आणि स्वतः कोणतंही काम विकत नसलेल्या जाणकार अभियंत्याची एका भेटीची फी) मी महिन्याच्या घरखर्चाच्या दहाव्या हिश्शाएवढा धरतो. समजा, मोठं काम अनावश्यक असण्याची शक्यता २० पैकी १ एवढीच आहे. तरी पाच महिन्यांच्या खर्चाचा विसावा भाग म्हणजे महिन्याचा पाव हिस्सा होतो, तपासणीच्या अडीचपट. तुमच्या वर्णनावरून ती शक्यता २० पैकी १ पेक्षा कितीतरी मोठी आहे. तपासणी टाळून सही करणं या हिशेबात कुठेच बसत नाही.

तपासणी तुम्ही बरीचशी स्वतः करू शकता. सुमारे ४५ सेंटिमीटर बाजूचे जाड प्लास्टिकचे किंवा अॅल्युमिनियम फॉइलचे चौकोन कापा. भिंतीचा तो भाग आधी पुसून, वाळवून घ्या आणि चारही कडा चिकटपट्टीने हवाबंद करून फॉइल लावा. एक त्या क्षार फुटलेल्या कोपऱ्यात, एक समोरच्या भिंतीवर खाली, एक वर, आणि एक फरशीवर. फरशीवर किमान १६ तास, भिंतीवर दोन दिवस राहू द्या. खोलीच्या बाजूला थेंब दिसले तर पाणी हवेतून आलेलं आहे. फॉइल काढल्यावर भिंतीच्या बाजूला ओल दिसली तर ते आतून, मातीतून येतं आहे. दोन्हीकडे ओल असेल तर दोन्ही प्रकार आहेत. ही चाचणी कोरड्या हवामानात केली तर झिरपणारी भिंतही कोरडी दिसेल, म्हणून एकदा आत्ता आणि एकदा चांगला पाऊस होऊन गेल्यावर करा. मोठ्या पावसानंतरचे दोन दिवस फरशी आणि भिंत जिथे मिळतात त्या सांध्यावर नजर ठेवा.

आर्द्रतामापक एक तळघरात, एक घराबाहेर सावलीत ठेवा. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ आकडे लिहा, सोबत भिंतीचं तापमान आणि पाऊस पडला की नाही ते. दवबिंदू काढून देणारी साधी कोष्टकं सहज मिळतात. भिंत दवबिंदूपेक्षा थंड असलेल्या दिवशी ओली आणि उबदार असलेल्या दिवशी कोरडी, असा मेळ बसला तर शंकेला जागा उरत नाही. आणखी एक गोष्ट लोक विसरतात: रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा, सकाळी पुन्हा पाहा. आकडा सरकला असेल तर कुठेतरी पाणी गळतं आहे, कदाचित भिंतीतल्या किंवा फरशीखालच्या पाइपातून. ते काम प्लंबरचं असतं. तसं निघालं तर विम्याची कागदपत्रंही लगेच काढा. पाइप अचानक फुटल्याचं नुकसान अनेक घरविम्यांत बसतं, हळूहळू झिरपून किंवा दव धरून झालेलं सहसा बसत नाही. तुमच्या पॉलिसीतलं नेमकं कलम वाचा आणि आजच्या स्थितीचे तारखेसह फोटो ठेवा.

तपासणी चालू असतानाच काही गोष्टी सुरू करा, त्यांना जवळपास पैसे लागत नाहीत. तळघरात कपडे वाळवणं बंद. बाहेर दमट असताना तळघराच्या खिडक्या बंद, बाहेरचा दवबिंदू भिंतीच्या तापमानाखाली गेला तरच उघडा. कपाटं भिंतीपासून पाच-दहा सेंटिमीटर पुढे ओढा, पुठ्ठ्याची खोकी फरशीवरून उचला. थंड पाण्याच्या उघड्या पाइपांवर फोमची नळी चढवा, त्यांचाही घाम फरशीवर टपकत असतो.

कोपऱ्याचं काम बाहेरून करायचं आहे. छताचं सगळं पाणी तुम्ही भिंतीच्या पायाशी ओतता आहात. तो पाइप वाढवून पाणी घरापासून किमान दोन मीटर दूर सोडा. घराभोवतीच्या मातीला बाहेरच्या दिशेने उतार द्या, पहिल्या तीन मीटरांत सुमारे १५ सेंटिमीटर. पन्हळ तुंबलेली असेल तर ती साफ करा. एवढ्या कामाला एक गवंडी आणि दोन-तीन दिवस पुरतात. माझ्या मते तुमच्या संपूर्ण प्रकरणात पैशांचा सर्वांत मोठा मोबदला याच कामात आहे, आणि अंदाजपत्रकात नेमका त्याचाच उल्लेख नाही. मला ही गोष्ट खटकली. ओलीची पाहणी करायला आलेल्या माणसाने घराबाहेर एक फेरी मारून छताचं पाणी कुठे जातं ते आधी पाहायला हवं.

आता यंत्र. तपासणीत हवेची ओल सिद्ध झाली तर ते घ्याच, आणि ते पैसे वाया जाण्याची भीती मनातून काढा. पुढेमागे निचऱ्याचं मोठं काम करावं लागलं तरी दमट महिन्यांत यंत्र लागणारच आहे. निवडताना खोक्यावरच्या "दिवसाला अमुक लिटर" या आकड्याला भुलू नका. तो आकडा बऱ्याचदा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेत मोजलेला असतो. तुमच्या २० अंशांच्या तळघरात त्याच यंत्राकडून निम्म्याच्या आसपास पाण्याची अपेक्षा ठेवा. तळघर १५ अंशांखाली जात असेल तर कॉम्प्रेसरच्या साध्या यंत्राच्या नळ्यांवर बर्फ धरतो. तिथे शोषक पदार्थाच्या चकतीवर चालणारं यंत्र बरं, पण ते वीज जास्त खातं. पाणी आपोआप मोरीत किंवा निचऱ्याच्या नळीत जाईल अशी सोय असलेलंच घ्या. टाकी रोज रिकामी करण्याचा उत्साह दोन आठवडे टिकतो, मग यंत्र टाकी भरून बंद पडतं आणि ओल परत येते.

विजेचा खर्च धरायला विसरू नका. ४०० वॅटचं यंत्र दिवसाला १२ तास चाललं तर ४.८ युनिट, महिन्याला सुमारे १४५. पाच दमट महिन्यांचे सव्वासातशे युनिट होतात. तुमच्या बिलावरच्या दराने गुणून तो आकडा वर्षाच्या खर्चात लिहा. खिडक्या बंद आणि कपडे बाहेर असतील तर यंत्र कमी तास चालेल. यंत्र ५० ते ५५ टक्के आर्द्रतेवर लावा. त्याहून खाली नेण्यात वीज जाते आणि फायदा फारसा वाढत नाही. ६० टक्क्यांच्या वर राहिलं तर बुरशीला वाव मिळतो.

मोठं काम कधी करावं, हेही स्पष्ट सांगतो, कारण ते काम मुळात वाईट नाही. पावसानंतर भिंत-फरशीच्या सांध्यातून पाणी वर येत असेल, भेगेतून धार लागत असेल, किंवा कोपऱ्याचा पाइप दूर नेऊनही पुढच्या पावसाळी दिवसांत बऱ्याच लांबीच्या भिंतीवर फॉइलच्या मागे ओल दिसत असेल, तर निचरा आणि पंप हाच उपाय आहे. तेव्हा कंजुषी करू नका. एक मीटर उंच साचलेलं पाणी भिंतीच्या तळाशी प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे एक टन दाब देतं. एवढ्या दाबाने आतून लावलेला लेप भिंतीपासून सुटतो, म्हणून निचऱ्याशिवाय नुसत्या लेपावर पैसे घालणं मला मान्य नाही. भिंतीला आडवी भेग असेल किंवा ती आतल्या बाजूला फुगलेली दिसत असेल, तर मात्र सगळं बाजूला ठेवून आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. तो खर्च निधीतून केलात तरी माझी हरकत नाही.

त्या दिवसाची तयारी आजपासून करू. दरमहा उरणाऱ्या ४० टक्क्यांतले निम्मे, म्हणजे घरखर्चाचे २० टक्के, "घर दुरुस्ती" नावाच्या वेगळ्या खात्यात टाका. वर्षभरात जवळपास अडीच महिन्यांचा घरखर्च जमतो. उरलेले २० टक्के तुमच्या नेहमीच्या गुंतवणुकीत चालू राहू द्या. यंत्र, कोपऱ्याचं काम आणि तपासणी ही पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या पूर्ण शिलकीतून करा आणि मग ही वाटणी सुरू करा. तेवढाच उशीर होईल. वर्षअखेरीस मोठं काम आवश्यक ठरलंच तर या खात्यातली रक्कम, निधीतला जास्तीत जास्त दीड महिना, आणि उरलेल्या भागापुरतं छोटं बँक कर्ज असं तिघांत वाटता येईल. निधी साडेचार महिन्यांच्या खाली जाणार नाही. तपासणीनंतर एकाच भिंतीचं काम पुरेसं ठरलं, तर कर्ज लागणारही नाही.

तेव्हाही किमान तीन जणांकडून, एकाच कामाच्या एकाच वर्णनावर, लेखी अंदाजपत्रकं घ्या. हमीपत्र वाचताना "दव धरल्याने होणारी ओल हमीबाहेर" असं वाक्य शोधा. अशा हमीपत्रांत ते पुष्कळदा असतं आणि तुमच्या बाबतीत तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. पंप वीज गेल्यावर कशावर चालणार, तेही विचारा. पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि शेवटचा दहा टक्क्यांचा हिस्सा एक ओला मोसम पार पडेपर्यंत राखून ठेवायची अट घाला. सगळे मान्य करत नाहीत, पण विचारल्यावर समोरच्याचा आपल्या कामावर किती भरवसा आहे ते कळतं.

"घराची किंमत वाढेल" असं तुम्हाला सांगितलं गेलं असेल, तर ते उत्पन्नाच्या रकान्यात लिहू नका. कोरडं तळघर घराची किंमत घसरू देत नाही. घातलेला पैसा व्याजासह परत येईल असं गृहीत धरून निर्णय घेतलात तर विकताना निराश व्हाल. मोजमापांची वही, फोटो, पावत्या मात्र नीट ठेवा. कधी घर विकायचं ठरलं तर खरेदीदाराला ओलीबद्दल सांगावं लागेलच, आणि काय केलं याचा कागद हातात असेल तर ते सांगणं सोपं जातं.

आईंच्या बाबतीत थांबणं नाही. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत श्वसनाचा त्रास आणि दमा बळावतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक पुस्तिकेत स्पष्ट नोंदवलं आहे. कपाटामागची बुरशी याच आठवड्यात साफ करून घ्या, आणि त्या वेळी आई तळघरात किंवा जिन्याजवळ नकोत. डाग एक चौरस मीटरच्या आत असेल तर चांगला मास्क, हातमोजे, चष्मा घालून साबणाच्या पाण्याने स्वतः घासता येतो, मग जागा पूर्ण वाळवायची. त्याहून मोठा असेल तर माहीतगार माणूस लावा. ब्लीच वापरलंत तर ते अमोनिया असलेल्या कोणत्याही द्रवात मिसळू नका, विषारी वायू निघतो. बुरशी लागलेले पुठ्ठे, गाद्या टाकून द्या. जिन्याचं दार बंद ठेवा. या कामाचा खर्च चालू महिन्याच्या शिलकीतून करा आणि त्यासाठी कोणत्याही निकालाची वाट पाहू नका.

कामाची खोली एक पूर्ण वर्ष पुढे ढकला. थंड, उष्ण, कोरडे, ओले असे सगळे महिने एकदा पाहिल्याशिवाय लाकडी पॅनेल, गालिचा, जिप्सम बोर्ड यांवर पैसे घालू नका. ओलीवर झाकण घातलं की मागे काय चाललंय ते कळायला दोन वर्षं लागतात आणि सगळं उखडावं लागतं. वर्षानंतर खोली केलीत तर थंड काँक्रीटला थेट काचलोकर (उष्णतारोधक ग्लास वूल) चिकटवू देऊ नका, तिच्यातून खोलीची हवा मागच्या थंड भिंतीपर्यंत पोचते आणि तिथे पाणी धरतं. कडक फोमचे बोर्ड भिंतीला सलग चिकटवून सांधे बंद केले तर हवेला लागणारा पृष्ठभाग उबदार राहतो. तळघरात गॅसवर किंवा तेलावर चालणारा बंब असेल, तर बाहेर हवा फेकणारा पंखा बसवण्याआधी तंत्रज्ञाला विचारा. असा पंखा बंबाचा धूर धुराड्यातून परत आत ओढू शकतो. आणि रोज आठ तास तिथे बसणार असाल तर रॅडॉन वायूची चाचणी करून घ्या. हा किरणोत्सर्गी वायू जमिनीतून येऊन तळघरात साठतो आणि वासाने कळत नाही. घनमीटरमागे १०० बेकरेल (किरणोत्सर्ग मोजण्याचं एकक) ही जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली संदर्भ पातळी आहे. चाचणी स्वस्त असते, आणि आकडा जास्त आला तर खोलीच्या अंदाजपत्रकात त्याच्या उपायाचा खर्च आधीच धरता येईल.

कंत्राटदाराला तोंडी नाही म्हणण्यात अवघडलेपण वाटत असेल तर दोन ओळी लिहून पाठवा: "आम्ही ओलीचं कारण तपासतो आहोत. पाऊस झाल्यानंतरची मोजमापं हाती आली की कळवू. तोवर आपलं अंदाजपत्रक कामाच्या प्रत्येक भागाची वेगळी किंमत लावून पाठवावं." वेगळ्या किमती हाती आल्या तर चारही भिंतींऐवजी एकच भिंत करायला किती पडेल हे तुम्हाला लगेच दिसेल. फॉइलचे निकाल, आठवड्याचे आकडे आणि ते सुधारित अंदाजपत्रक मला पाठवा. त्यावरून यंत्र किती क्षमतेचं घ्यायचं आणि दुरुस्ती खात्यात २० टक्के पुरे आहेत की कमी, ते पक्कं करू.